गवताचे छप्पर : एका विसरलेल्या वास्तुविद्येचा परिचय

चांदवडला आलेल्या पाहुण्याला आपण अगत्याने रंगमहाल दाखवतो. अहिल्यादेवी होळकरांच्या काळाची आठवण जपणारा हा वाडा, त्याचे भक्कम दगडी काम, कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची चित्रे पाहून पाहुणा थक्क होतो. आपल्यालाही आपल्या गावाचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु ज्या हातांनी हे दगड वाहिले, हे लाकूड तासले, चुन्याची घाणी फिरवली, ते हात संध्याकाळी कोणत्या घरात परतत होते? त्या घरांचा आज मागमूसही दिसत नाही. ती माती, लाकूड आणि गवताची होती. ती पुन्हा मातीत मिसळून गेली. वाडा इतिहासात राहिला आणि छप्पर इतिहासातून वगळले गेले.

हा विषय या स्मरणिकेसाठी निवडण्यामागे आमचे एक कारण आहे. नव्या प्रवेशाच्या दिवसांत मुलांना घराविषयी विचारले, की काही मुले मान खाली घालतात आणि हळू आवाजात 'छप्पर आहे' एवढेच सांगतात. शासकीय अर्जावर त्या घरापुढे 'कच्चे' असा शेरा येतो. मुलाच्या मनात तो शेरा केवळ घराला लागत नाही, तर आईवडिलांना आणि स्वतःलाही लागतो. ज्या घरात आपण जन्मलो त्या घराची लाज बाळगून कोणी मोठे होऊ नये, असे आम्हाला वाटते. म्हणून ते घर नेमके काय होते, ते कसे उभे राहत होते आणि त्यात कोणते ज्ञान साठले होते, याचा हा अल्पसा अभ्यास.

घराची अंगे

छपराच्या घराची रचना वरवर साधी दिसते, पण तिच्यातील प्रत्येक अंगाला नाव आहे आणि प्रत्येकाला ठरलेले काम आहे. प्रथम जागा निवडली जाते. पावसाचे पाणी साचणार नाही अशी, शक्यतो मुरमाची आणि किंचित उताराची जागा त्यासाठी लागते. काळी जमीन पिकाला उत्तम, पण घराला वाईट. कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जागा ठरली की दगडमातीचे बुटके जोते घालतात.

त्यानंतर मेढी रोवल्या जातात. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दुबेळके असलेला खांब. झाडाच्या फांदीला निसर्गतःच जो काटा फुटलेला असतो, त्याचाच इथे खोबणीसारखा उपयोग होतो. मधल्या उंच मेढींच्या बेचक्यात आढे बसते आणि बाजूच्या बुटक्या मेढींवर आडवी लाकडे टाकतात. आढ्यापासून खाली दोन्ही अंगांना वासे सोडतात, वाशांवर चिरलेल्या बांबूच्या कामट्या आडव्या बांधतात आणि तयार झालेल्या या जाळीवर गवत बसते. छपराच्या प्रत्येक उतरत्या बाजूला पाखे म्हणतात. दोन बाजूंना उतार असलेले घर दुपाखी आणि चारही बाजूंना उतार असलेले घर चौपाखी. या सगळ्या बांधणीत खिळा क्वचितच लागतो. वाख, अंबाडी किंवा पळसाच्या मुळ्यांचे दोर यांनी सांधे आवळले जातात. वारा आला की असे घर थोडे डोलते, करकरते, पण सांधा निखळत नाही.

भिंत कुडाची असते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागांत कारवीच्या सरळ काठ्या मुबलक मिळतात. म्हणून तिथला कूड कारवीचा. पूर्वेकडच्या कोरड्या भागात तुराट्या, पऱ्हाट्या, निरगुडीच्या काड्या यांवर भागवले जाते. काड्यांच्या या विणीवर माती, शेण आणि भुसा यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी चढवतात. भुशामुळे माती वाळताना तडकत नाही. छपराचे ओझे मेढींवर असल्यामुळे भिंतीला भार पेलावा लागत नाही. म्हणूनच एखादी भिंत पावसाने खचली तरी घर पडत नाही. सुगी उरकली की ती पुन्हा लिंपता येते. आज उंच इमारतींत खांबांचा सांगाडा भार पेलतो आणि भिंती केवळ आडोसा करतात. तत्त्व तेच आहे, फक्त लाकडाच्या जागी सळई आणि काँक्रीट आले.

शाकारणी

घराचे खरे कौशल्य छपरात आहे. गवत म्हणजे पोकळ, हलकी काडी; तिच्यातून पाणी सहज झिरपावे असे वाटते. मग चार महिन्यांचा पाऊस ती अडवते कशी? याचे उत्तर उतारात आणि थरांत आहे. पेंढ्या वळचणीपासून वर आढ्याकडे अशा क्रमाने बांधत जातात. वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर निम्म्याहून अधिक चढलेली असते. पडलेला थेंब एका काडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर घरंगळत वळचणीला पोहोचतो आणि आत झिरपायला त्याला वेळच मिळत नाही. त्यासाठी उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास असावा लागतो. उतार कमी झाला की पाणी रेंगाळते, गवत कुजते आणि घर गळू लागते. पुरेसा उतार आणि वीतभर जाडी असली, तर मोठ्या पावसातही केवळ वरचा थर भिजतो आणि आतले गवत कोरडे राहते.

गवताचीही पारख असते. हिरवे, कोवळे गवत चालत नाही. दिवाळीनंतर पक्व होऊन वाळलेले, गुरे सहसा तोंड लावत नाहीत असे राठ गवत कापून, पेंढ्या बांधून ठेवले जाते. डोंगरउतारावरील कुसळी आणि वासाचा रोशा अशी गवते यासाठी ओळखून आणली जात. वैशाख-ज्येष्ठात, वळवाचे ढग दिसू लागले की शाकारणीची घाई होई. ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एक जण वर बसणार, दोघे खालून पेंढ्या फेकणार, कोणी दोर वळणार, कोणी आतून गाठ ओढणार. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, अशी ही सावड. मजुरीचा व्यवहार नसे, पण परतफेडीचा नियम पक्का असे.

जपानमधील शिराकावा-गो या डोंगराळ खेड्यातील उंच गवती छपरांच्या घरांना १९९५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथेही शाकारणी साऱ्या गावाने मिळून करण्याची प्रथा आहे आणि त्या परस्परसाहाय्याला 'युई' म्हणतात. तिथे बर्फ साठू नये म्हणून छप्पर आपल्याकडच्या छपरापेक्षाही अधिक उभट केलेले असते. भाषा वेगळी, हवामान वेगळे, पण गवताने दोन्हीकडच्या माणसांना एकच धडा दिला : हे छप्पर एकट्याने टिकत नाही.

छपराचा उतार आणि पाऊस यांचा संबंध पाहायचा असेल, तर आपला नाशिक जिल्हा हेच उत्तम पुस्तक आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तिथली जुनी छपरे उभट उताराची आणि वळचणी पार खाली झुकलेल्या. सातमाळ्याच्या पायथ्याशी, चांदवड-येवल्याकडे, पाऊस त्याच्या लहानशा हिश्श्याइतका. म्हणून इकडच्या गावठाणांत सपाट धाब्याची मातीची घरे दिसत आणि गवताचे छप्पर मुख्यतः शेतावरच्या वस्तीला, गोठ्याला आणि गरिबाच्या घराला असे. पावसाचे मोजमाप करणारे यंत्र कोणाच्या घरी नव्हते, पण घराच्या आकारात ते मोजमाप उतरलेले होते.

तीन हजार वर्षांमागचे अंगण

हे घर किती जुने? याचा पुरावा आपल्यापासून फार दूर नाही. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे आणि नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. जोर्वे येथे सापडलेल्या रंगीत मृद्भांड्यांमुळे महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची संस्कृती 'जोर्वे संस्कृती' या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन झाले आणि त्या शेतकऱ्यांच्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. इनामगावची वस्ती सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील.

गवत आणि लाकूड तर केव्हाच नष्ट झाले होते. मग घर कसे कळले? खांब कुजून गेला तरी त्याचा खळगा राहतो आणि त्यात भरलेली माती वेगळ्या रंगाची असते. असे खळगे ओळीने मोजत गेले की भिंतीची रेघ उमटते. कुठे आग लागलेली असेल तर कुडाची माती भाजून तिचे ढेकूळ होते आणि त्यावर काड्यांचे ठसे राहतात. चुलीची जागा, चोपून केलेली जमीन, धान्य साठवण्याची बळदे यांवरून घरातला वावरही समजतो. जोर्वे काळाच्या सुरुवातीला इनामगावची घरे प्रशस्त व आयताकृती होती; मातीच्या बुटक्या भिंती, त्यांवर कूड आणि वर गवताचे छप्पर. सुमारे इ. स. पूर्व १००० नंतर मात्र लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक गुरांमागे फिरू लागले, असा याचा अर्थ डॉ. म. के. ढवळीकर यांनी लावला. दुष्काळ प्रथम शेतात दिसतो आणि मग घराच्या आकारात दिसतो, ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आहे; ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची पाचटाची कोपी पाहिली की ती आजचीही वाटते.

दगडात उतरलेले छप्पर

गवताचे छप्पर टिकले नाही, पण त्याची आठवण टिकली, आणि तीही दगडात. बिहारमधील बराबर टेकड्यांत सम्राट अशोकाच्या काळातील लेणी आहेत. त्यांपैकी सुदामा लेण्याच्या आतील गोल दालनाची बाह्य बाजू थेट झोपडीसारखी कोरली आहे. भिंतीवर उभ्या काड्यांसारख्या खाचा आहेत आणि वर पुढे झुकलेल्या छपराची कड आहे. शेजारच्या लोमश ऋषी लेण्याचे दारही वाकवलेल्या वाशांच्या झोपडीचेच आहे.

आपल्याकडे भाजे लेण्यातील चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. दगडी खांबाला कलण्याची काहीच गरज नव्हती. वरच्या छपराच्या रेट्याने लाकडी खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून ते आत झुकवण्याची सुतारांची रीत होती. पाथरवटाने तीच रीत दगडात उतरवली. कार्ले येथे तर दगडी कमानीखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही दिसतात. त्या काहीही पेलत नाहीत. कोरणाऱ्यांच्या दृष्टीने घर म्हणजे वासे असलेले घर, एवढाच त्यांचा अर्थ. जुन्नरच्या तुळजा लेण्यात बारा खांबांचे गोल चैत्यगृह आहे. तिथे उभे राहिले की आपण मोठ्या दगडी झोपडीत आहोत असे वाटते. आणि आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील अठराव्या लेण्याच्या दर्शनी कमानीत वाशांची टोके दगडात कोरलेली आहेत. तो दर्शनी भाग धंभिक गावच्या लोकांनी दान दिल्याचे तिथला शिलालेख सांगतो. एका गावाने दान दिले आणि कारागिरांनी त्या दानातून खेड्यातल्याच घराचा आकार अमर केला.

प्राचीन पाली साहित्यातही या छपराला मानाचे स्थान आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासाच्या आच्छादनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वीट, दगड, चुना, गवत आणि पाने. गवत आणि पाने इथे दगडाच्या पंक्तीला बसली आहेत, खालच्या पायरीला नाहीत. त्याच विनयात धनिय या कुंभारपुत्र भिक्षूची कथा येते. राजगृहाजवळच्या डोंगरउतारावर भिक्षूंनी वर्षावासासाठी गवताच्या कुट्या बांधल्या होत्या. वर्षावास संपताच इतरांनी कुट्या उकलल्या, गवत आणि लाकूड नीट बाजूला ठेवले आणि ते मार्गस्थ झाले. धनिय मात्र तिथेच राहिला. तो भिक्षेला गेला असता गवत-लाकूड नेणाऱ्यांनी तीनदा त्याची कुटी मोडली, तेव्हा त्याने सगळी कुटी मातीची करून ती गवत, लाकूड आणि गोवऱ्या पेटवून भाजून काढली. कुटी सुंदर, लाल झाली. परंतु त्या भाजणीत असंख्य सूक्ष्म जीवांची हानी झाली, म्हणून तथागतांनी ती मोडण्यास सांगितले. घर बांधताना आपण काय काय जाळतो, हा प्रश्न किती जुना आहे, हे या कथेवरून कळते.

छपराची दुसरी बाजू

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छपराचे गोडवे गाऊन कोणाला पुन्हा छपरात धाडावे, असा आमचा हेतू नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत छप्पर ही कोणाची निवड नव्हती. जमीन नाही, लाकडावर हक्क नाही, दगड-चुन्याला पैसा नाही, म्हणून गवत. एका ठिणगीने ओळीने घरे भस्मसात झाल्याच्या आठवणी अनेक कुटुंबांत आहेत. छपरात साप निघे, विंचू निघे, उंदीर धान्य नासवत. चुलीच्या धुराने गवताला कीड लागत नसे हे खरे, पण तोच धूर आपल्या आया-आज्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता. चाऱ्याच्या टंचाईत छपराचे गवत उपसून गुरांपुढे टाकावे लागल्याचे जुनी माणसे सांगतात. दरवर्षीची डागडुजी आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे गवत, हा खर्च आणि हे कष्ट गरिबालाच सोसावे लागत. ज्यांनी हे भोगले त्यांना पक्क्या घराची ओढ असणे स्वाभाविक आहे. रमाई, शबरी आणि प्रधानमंत्री आवास योजनांतून अनेक पालकांना घरकुले मिळाली, त्याचा आम्हाला आनंद आहे.

प्रश्न वेगळाच आहे. आपण सक्ती सोडली, हे उत्तम झाले. पण सक्तीबरोबर ज्ञानही टाकून दिले का?

कांद्याची चाळ आणि मुलांचे घर

याचे उत्तर चांदवडच्या शिवारात उभे आहे. आपल्या तालुक्यातील पालकांना कांद्याची चाळ नव्याने सांगायला नको. उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकवायचा, तर त्याला ऊन लागता कामा नये, पाणी लागता कामा नये आणि हवा मात्र सतत खेळली पाहिजे. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो. बाजू बांबूच्या किंवा पट्ट्यांच्या, फटी ठेवलेल्या. रुंदी चार फुटांच्या आसपास, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा लागेल. जुन्या चाळींवर गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर असे. आजही आपण चाळीला 'एकपाखी' आणि 'दुपाखी' म्हणतो. छप्पर विसरलो तरी पाखे हा शब्द विसरलेलो नाही.

चाळीवर लोखंडी पत्रा आला तेव्हा शेतकऱ्याच्या लगेच लक्षात आले की पत्रा तापतो आणि खालचा कांदा सडतो. म्हणून जाणता शेतकरी पत्र्यावर पाचटाचा थर पसरतो. कांद्यासाठी हे शहाणपण आपण जपले. पण त्याच पत्र्याखाली, त्याच एप्रिल-मेच्या उन्हात, आपली मुले झोपतात, म्हातारी माणसे दिवस काढतात, बाळंतीण बाळाला घेऊन बसते. तिथे मात्र 'पक्के घर झाले' असे म्हणून आपण समाधान मानतो. गवताच्या पोकळ काड्यांत आणि त्यांच्यामधल्या फटींत हवा कोंडलेली असते आणि ती उष्णता आत येऊ देत नाही. पत्र्यात अशी हवा नाही, म्हणून बाहेरचे ऊन तो जसेच्या तसे आत उतरवतो.

पक्के घर पक्केच राहू द्यावे. त्यात जुन्या छपराचे गुण आणता येतात. पत्र्याच्या आत हातभर अंतर सोडून तट्ट्यांचे छत बांधता येते. पत्र्याला आणि गच्चीला बाहेरून पांढरा चुना लावता येतो. जिथे चूल आणि विजेच्या तारा दूर आहेत तिथे उन्हाळ्यापुरता पाचटाचा थर टाकता येतो. समोरासमोर दोन खिडक्या, पुढे आलेली वळचण आणि लहानशी पडवी यांना फार खर्च लागत नाही, फक्त घर आखताना त्यांची आठवण ठेवावी लागते. ही आठवण घरातल्या आजी-आजोबांकडे असते. कधीतरी छप्पर शाकारलेल्या हातांना घरकुलाचा नकाशा एकदा दाखवावा, एवढीच आमची पालकांना विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी

आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना आम्ही एक छोटा अभ्यास सुचवतो. सुटीत घरी गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे : आपले पहिले घर कशाचे होते? गवत कोणत्या डोंगरावरून येई? आढ्याला कोणते लाकूड होते? शाकारणीला कोण कोण येत असे? मिळालेल्या उत्तरांवरून घराचा आराखडा काढावा आणि मेढ, आढे, वासे, कूड, पाखे, वळचण ही नावे त्यावर लिहावीत. आपल्या भागात यातील एखाद्या अंगाला वेगळे नाव असेल तर तेही नोंदवावे. मग दुपारी दोन वाजता एक साधा तापमापक पत्र्याखाली आणि दुसरा गोठ्याच्या गवती छपराखाली ठेवून दोन्ही आकडे वहीत उतरवावेत. ही वही म्हणजे आपल्या घराण्याचा इतिहासही होईल आणि विज्ञानाचा प्रयोगही.

रंगमहाल जपण्यासाठी दगड आहेत, शासन आहे, पर्यटक आहेत. छपराला जपण्यासाठी केवळ आपली आठवण आहे. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवशी एखाद्या मुलाला घराविषयी विचारले, आणि त्याने मान वर करून 'आमच्या आजोबांना छप्पर शाकारता येते' असे सांगितले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.